व्हर्ना कीफर नावाची अडचण

व्हर्ना कीफरशी ज्याचं एकदाही वाजलं नाही असा माणूस आमच्या स्टोनी रनच्या दरीत शोधून सापडला नसता. मी तिथे दुधाचा टँकर चालवायचो. रोज सकाळी गोठ्यागोठ्यावर जायचो, त्यामुळे कोणाचं कोणाशी बिनसलंय हे मला आधी कळायचं. माझ्याशी तिचं भांडण टँकरचं चाक तिच्या फुलांवरून गेलं म्हणून. आमच्या लुथेरन चर्चच्या पाद्र्याशी, तो प्रवचन फार लांबवतो आणि तोवर गाई ताटकळतात म्हणून. सख्ख्या भावाशी आईच्या कपाटावरून. तो भाऊ शेती सोडून फ्लोरिडात जाऊन बसला आणि व्हर्नाने एकटीने चाळीस गाई, मका आणि लसूणघास सांभाळला. लग्न केलं नाही. का नाही असं कोणी विचारलं तर म्हणायची, "गोठ्यात बैल आहे की एक. दुसरा घरात कशाला?"

पण तिचं खरं, वर्षानुवर्षं जपलेलं भांडण होतं ते टोबायस एशशी. टोबायस तिचा शेजारी, आमिश, म्हणजे जुन्या रीतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातला. आमच्या दरीत निम्म्याहून जास्त शेतं आमिशांचीच. खेचरांनी नांगरतात, घोडागाडीतून फिरतात, आणि आम्हा बाकीच्यांना 'इंग्लिश' म्हणतात, आमचे पणजे त्यांच्याच पणज्यांसोबत जर्मनीतून आले असले तरी.

भांडण होतं बांधावरून. दोघांच्या शेतांमधली हद्द म्हणजे ओढा. बहात्तर सालच्या पुरात ओढ्याने वळण बदललं आणि एक चिंचोळी पट्टी व्हर्नाच्या बाजूची टोबायसच्या बाजूला गेली. टोबायसने नव्या ओढ्याच्या काठाने कुंपण घातलं. व्हर्नाचं म्हणणं, ओढा सरकला म्हणून हद्द सरकत नसते. दर वर्षी टोबायस तिथला लसूणघास कापायला आला की ती कुंपणाशी उभी राहून तोंडाचा पट्टा सोडायची. तो टोपी काढून हातात धरायचा, सगळं ऐकून घ्यायचा आणि परत कापायला लागायचा. याचाच तिला जास्त राग यायचा.

"शिवी तरी दे रे एखादी!" एकदा मी असताना ती ओरडली होती. "भिंतीशी बोलल्यासारखं वाटतंय मला!"

"तुमचं झालं का?" टोबायसने विचारलं. "पाऊस येईल असं दिसतंय."

अठ्ठ्याऐंशीच्या वसंतात टोबायसच्या शेतात खुंट्या दिसल्या, नारिंगी फिती बांधलेल्या. मोजणीवाले न विचारता आत शिरले होते आणि एका ओळीत खुंट्या ठोकून निघून गेले होते. पार्कवे मंडळ नावाचं एक महामंडळ नवा महामार्ग काढणार होतं, हे वर्षभर कानावर होतं. पण तो उत्तरेकडच्या टेकडीवरून जाणार होता. टेकडीवर तेव्हा नवी मोठाली घरं झाली होती, डॉक्टरांची आणि वकिलांची, मधोमध गोल्फचं मैदान. त्या लोकांनी दाव्यांची धमकी दिली आणि रस्त्याची आखणी हळूच उतरून खाली दरीत आली. अकरा शेतांमधून. त्यातली दहा आमिशांची. अकरावा व्हर्नाच्या शेताचा एक कोपरा.

टोबायसने एकही खुंटी उपटली नाही. खेचरं जुंपून तो प्रत्येक खुंटीला वळसा घालून नांगरत गेला. ते पाहून व्हर्नाचा तिळपापड झाला.

"बघितलंस का?" ती मला म्हणाली. "पाहुणे आल्यासारखा वळसा घालतोय त्यांना!"

तिने स्वतःच्या कोपऱ्यातल्या खुंट्या केव्हाच उपटल्या होत्या आणि टोमॅटोच्या रोपांना आधार म्हणून लावल्या होत्या, फितींसकट.

मंडळाने लोकांचं म्हणणं ऐकायला म्हणून आगीच्या बंबखान्याच्या हॉलमध्ये सभा ठेवली. भिंतीवर मोठा नकाशा लावलेला. मंडळाच्या वतीने क्रॅडक नावाचे गृहस्थ आले होते. दिसायला सभ्य, बोलायला गोड, प्रत्येकाशी हात मिळवणारे. मागच्या भिंतीला लागून आमिश पुरुष ओळीने बसले होते, टोप्या गुडघ्यांवर. त्यांच्यातलं कोणी बोलणार नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं. टेकडीवरचं कोणी आलंच नव्हतं. त्यांचं काम झालं होतं.

व्हर्ना उठली. "रस्ता टेकडीवरून खाली का आणला?"

क्रॅडक हसले. "आम्ही सर्व बाजूंचा विचार केला, बाई. उत्तरेकडे दावे लागले असते, काम वर्षानुवर्षं रखडलं असतं. दक्षिणेकडच्या मंडळींकडून तशी काही अडचण अपेक्षित नाही."

हे तो माणूस उघड, दिव्यांच्या उजेडात, त्याच मंडळींच्या तोंडावर बोलला. आमिश लोक कोर्टाची पायरी चढत नाहीत. कोणी फसवलं, कोणी मारलं, तरी दावा लावत नाहीत, तो त्यांचा धर्म आहे. लहान पोराला माहीत असलेली गोष्ट. मंडळाने तीच गोष्ट हिशेबात धरून नकाशा आखला होता. माझ्या शेजारी बसलेल्या बंबवाल्याने हातातला कॉफीचा कप खाली ठेवला.

"म्हणजे जो कोर्टात जात नाही त्याचं शेत घ्यायचं," व्हर्ना म्हणाली.

"तुम्ही माझ्या शब्दांचा विपर्यास करताय."

"मी तुमचेच शब्द तुम्हाला परत देतेय. जो उलटून मारत नाही त्याला मारायचं. माझ्या वर्गात असा एक पोरगा होता. त्याला मास्तरीण कोपऱ्यात उभं करायची, तुम्हाला मोटार दिलीये."

काही लोक हसले. क्रॅडक हसले नाहीत. "आपली वेळ संपली, बाई."

"संपू दे. तुम्हाला अडचण अपेक्षित नाही ना? मग नाव टिपून घ्या. कीफर. शेवटी 'र' आहे, विसरू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोबायसच्या गोठ्यात गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी टाकीला नळी लावून उभा होतो, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"तुम्ही दहाजण मिळून एक वकील केलात तर रस्ता उद्या थांबेल," तिने आल्या आल्या सुरुवात केली.

टोबायस गाईखालून उठला. "आम्ही कोर्टात जात नाही. आम्ही भांडत नाही."

"भांडत नाही? माझ्याशी सोळा वर्षं भांडतोयस की!"

"तुम्ही भांडत होता," टोबायस शांतपणे म्हणाला. "मी ऐकत होतो."

त्याची बायको लीना दारात दुधाची बादली घेऊन उभी होती. तिने पदरात हसू लपवावं तसं मान फिरवून लपवलं.

"रस्ता तुझ्या गोठ्याच्या पायरीवरून जातोय, टोबायस. तुझ्या आज्याने बांधलेला गोठा."

"माहीत आहे."

"मग झोप कशी लागते तुला?"

"लागत नाही," तो म्हणाला. एवढंच बोलला आणि परत गाईखाली बसला.

व्हर्ना परत गेली आणि तिने स्वतः वकील केला. डोलोरेस पगानो नावाची, शहरातली, बुटकी, सतत सर्दी झालेली बाई. तिने पहिल्याच भेटीत सांगितलं, "तुमच्या कोपऱ्यावर अख्खा खटला उभा राहील. पण लांबेल, आणि मी फुकट काम करत नाही." खर्चासाठी व्हर्नाने बंबखान्यात तिकीट लावून जेवण ठेवायचं ठरवलं, कोंबडीचं पॉटपाय. एवढ्या माणसांसाठी रश्शात सोडायच्या कणकेच्या चौकोनी चकत्या लाटणार कोण? तर जेवणाच्या दिवशी पहाटेच घोडागाड्यांची रांग लागली. लीना एश आणि तिच्यासोबत दरीतल्या आमिश बायका लाटणी घेऊन उतरल्या. कोणीतरी त्यांच्या बिशपला विचारून आलं होतं म्हणे. म्हातारा म्हणाला होता, "पोळी लाटणं म्हणजे दावा लावणं नव्हे. पुढे त्या रश्शाचं काय होतं, ते मी विचारत नाही."

त्या दिवशी भांडी पुरली नाहीत. दरीतले लोक तर आलेच, पलीकडच्या खोऱ्यातले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले आणि मुख्य रस्त्यावर ट्रॅक्टरांची अशी रांग लागली की मंडळाच्या दोन गाड्या तासभर अडकून पडल्या. गवताच्या गाड्यांवर फळ्या लावून लोकांनी लिहिलं, 'आमची माती विकायला नाही'. व्हर्ना भटारखान्यात घामाघूम होऊन सगळ्यांवर खेकसत होती. मी तिला इतकी खूष कधी पाहिली नव्हती.

दावा दाखल झाला. तारीख पडली. आणि तारखेच्या आधी, एका सकाळी, व्हर्नाच्या कोपऱ्याजवळ मोजणीवाले परत आले. आखणी त्यांनी थोडी सरकवली. फार नाही, तिचा कोपरा वगळण्यापुरतीच. तिच्या कोपऱ्यापाशी वळण घेऊन रस्ता ओढ्याच्या अंगाने टोबायसच्या शेतात आणखी खोल घुसला.

कोर्टात मंडळाचा वकील उठला आणि म्हणाला, "या बाईंची एक इंचही जमीन जात नाही. मग यांचा संबंध काय?"

पगानोबाई पुष्कळ भांडल्या. पण जज्जसाहेबांनी हात वर केले. कायद्याने ज्याचं नुकसान त्याने यावं. ज्यांचं नुकसान होतंय ते येत नाहीत, आणि जी आलीये तिचं नुकसान होत नाही. दावा निकाली.

जिन्यात क्रॅडक भेटले. "बाई, तुमच्या मनासारखं झालं की," ते म्हणाले. "तुमचं शेत वाचलं."

एका बाईला गप्प करायला त्यांनी महामार्ग वाकवला. गोठ्यासाठी वाकवता आला नाही, विहिरीसाठी आला नाही. व्हर्ना जिना उतरली. गाडीत माझ्या शेजारी बसली आणि घरापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. फाटकाशी उतरताना म्हणाली, "मला वगळलं रे त्यांनी. पाहुणीला जेवायच्या पंगतीतून उठवावं तसं."

नंतरच्या आठवड्यात मी तिच्या गोठ्यावर पोचलो तर ती रबरी बूट घालून तणतणत ओढ्याकडे निघाली होती. टोबायस आणि त्याचे दोन भाऊ कुंपणाचे खांब उपटत होते.

"आता आणि काय चोरतोयस?" तिने लांबूनच हाक दिली.

टोबायसने टोपी काढली. "कुंपण हलवतोय. जुन्या ओढ्याच्या काठाला."

"का?"

"पट्टी तुमची आहे असं तुम्ही म्हणता."

"सोळा वर्षं म्हणतेय! आज कसं ऐकू आलं?"

"मागणाऱ्याशी ओढाताण करू नये, सोडून द्यावं, असं आम्हाला शिकवलंय. मी शिकलो नाही. आता शिकतोय." त्याने घाम पुसला. "हक्कसोडपत्र करून देईन. नोंदवून घ्या."

व्हर्ना कंबरेवर हात ठेवून उभी होती. मग तिची नजर पट्टीत गेली. लसूणघासातून नारिंगी फितींच्या नव्या खुंट्या सरळ रांगेत गेल्या होत्या. तिचा कोपरा टाळायला रस्ता जिथे ढकलला होता, तो याच पट्टीवर.

ती त्या खुंट्यांकडे बघत राहिली. मग टोबायसकडे. टोबायस खांब उपटायला वाकला होता.

"तुझ्या बिशपला विचारलंस का?" तिने विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"बांधाचं भांडण मिटवायला बिशपला कशाला विचारायचं?"

त्यानंतर ती त्याच्या भावाच्या हातातली पहार घेऊन स्वतः खांब उपटायला लागली. मी दूध भरून निघालो तेव्हा चौघंही काम करत होते आणि व्हर्ना टोबायसला खांब कसा उपटावा ते शिकवत होती.

पट्टी व्हर्नाच्या नावावर झाली आणि तिचा दुसरा दावा लागला. या वेळी मंडळाचा वकील चिडला. हा सगळा बनाव आहे, म्हणाला. एश आणि कीफर यांनी मिळून कोर्टाच्या डोळ्यांत धूळ फेकली आहे. त्याने टोबायसला समन्स काढलं. दावा न लावणारा आमिश माणूस साक्षीला तरी कसा येईल असा त्याचा हिशेब असावा. पण सरकारने बोलावलं तर जायचं आणि विचारलं तर खरं सांगायचं, हेही त्यांच्या धर्मातच आहे. टोबायस घोडागाडी हाकत कोर्टात आला. शपथ घेणार नाही म्हणाला, आम्ही शपथा घेत नाही, हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. जज्जसाहेबांनी ते चालवून घेतलं.

"ही पट्टी तुमचीच आहे असं तुम्ही सोळा वर्षं मानत होता?" वकिलाने विचारलं.

"हो."

"आणि रस्त्याच्या खुंट्या पडल्यावर अचानक ती कीफरबाईंची झाली?"

"अचानक नाही. मी चार दिवस विचार केला."

कोर्टात हसू फुटलं. वकील पुढे सरकला. "रस्ता आला नसता तर ही जमीन तुम्ही त्यांना दिली असती का? हो की नाही?"

पगानोबाईंनी रुमाल नाकाला लावला आणि डोळे मिटले. व्हर्ना बाकाची कड धरून बसली होती. टोबायसने एक 'हो' म्हटलं असतं की झालं असतं. खोटं कोणी पकडलं नसतं.

"नाही," टोबायस म्हणाला.

वकील वळून जज्जसाहेबांकडे बघत म्हणाला, "संपलं."

"माझं संपलं नाही," टोबायस म्हणाला. जज्जसाहेबांनी बोलू दिलं. "रस्ता आल्यावर मला कळलं, आपलं म्हणून धरलेलं कोणी न विचारता ओढून घेतं तेव्हा कसं वाटतं. तेव्हा मला व्हर्नाबाई आठवल्या. त्यांना सोळा वर्षं असं वाटत होतं. ते बरोबर नव्हतं. म्हणून दिली. आता ती त्यांची आहे, त्यांनी तिचं काय करावं हे मी सांगणार नाही."

मी व्हर्नाकडे पाहिलं नाही. तिला ते आवडलं नसतं.

जज्जसाहेबांनी निकालात सांगितलं की जमीन का दिली हे कोर्टाचं काम नाही, आज ती कोणाची आहे एवढंच पाहायचं. व्हर्नाचा दावा उभा राहिला. पुढे दीड वर्ष तारखा पडत राहिल्या, पॉटपाय शिजत राहिलं. शेवटी हुकूम झाला की सुपीक जमीन टाळून दुसरा मार्ग आहे का हे मंडळाने नीट तपासलेलंच नाही, सगळं नव्याने करा, तोवर काम बंद. नव्याने करायला गेल्यावर पुन्हा टेकडी समोर आली, टेकडीवरचे वकील पुन्हा उभे राहिले, आणि चार वर्षांनी मंडळाने महामार्ग गुंडाळून ठेवला.

म्हणजे आम्ही जिंकलो. असंच सगळे म्हणतात. पण पहिला दावा फेटाळल्यापासून दुसऱ्याचा हुकूम येईपर्यंत मंडळ काही हात बांधून बसलं नव्हतं. पूर्वेच्या टोकाला त्या दहांपैकीच लेव्ही झूकचं शेत होतं. लेव्हीला रोज कोणी ना कोणी येऊन सांगायचं, आज उठा, उद्या उठा, नाहीतर पोलीस येतील. त्याने भांडायचं नाही असं ठरवलेलं होतं. पोरंबाळं आणि गाई घेऊन तो केंटकीला निघून गेला. बुलडोझर आले, त्यांनी शेताच्या मधोमध रस्त्याएवढा पट्टा खरवडून काढला. वरची तपकिरी माती, तीन पिढ्यांनी शेण घालून पोसलेली, ट्रकांतून निघून गेली. खाली चुनखडीचे पांढरे दगड उघडे पडले.

ती माती कुठे गेली हे मला दूधवाल्यांच्या साखळीतून कळलं. टेकडीवरच्या गोल्फच्या मैदानाला हिरवळ नीट उगवत नव्हती. मंडळाने माती त्यांना विकली.

रस्ता रद्द झाल्यावर त्याच टेकडीवरच्या लोकांनी व्हर्नाचा सत्कार ठेवला, गोल्फच्या क्लबात. 'दरीची रक्षणकर्ती' असं कोरलेली पितळी पाटी बनवली होती. मला वाटलं ती जाणार नाही. ती गेली, गोठ्यातल्या बुटांसकट. पाटी देण्यासाठी अध्यक्ष पुढे आले तर ती म्हणाली, "ही राहू द्या तुमच्याकडे. मला माती परत हवीये."

लोक हसले. त्यांना विनोद वाटला.

"हसू नका," व्हर्ना म्हणाली. "रस्ता आमच्या अंगावर आला तेव्हा बंबखान्यात तुमच्यातलं एक माणूस नव्हतं. तुम्ही तो आमच्याकडे ढकललात आणि वर लेव्ही झूकची माती आणून तिच्यावर चेंडू मारताय. ट्रक मी आणते. फावडी पण माझी. तुम्ही फक्त बाजूला व्हा."

कोणी बाजूला झालं नाही. अध्यक्षांनी वाद्यवाल्यांना खूण केली आणि गाणं सुरू झालं. व्हर्नाने मातीसाठीही दावा लावला. तो ती हरली. पावती होती, माती रीतसर विकलेली होती. क्रॅडक तोवर दुसऱ्या मंडळावर मोठ्या पदावर गेले होते. लेव्हीची कोणी क्षमा मागितली नाही. केंटकीतून तो परत आला नाही. व्हर्ना गेली त्या वर्षापर्यंत ती कोणी भेटलं की पहिल्यांदा मातीचंच बोलायची, आणि शेवटी शेवटी लोक तिला टाळायचे.

लेव्हीचं शेत पुढे एका तरुण आमिश जोडप्याने घेतलं. दर हिवाळ्यात ती दोघं त्या खरवडलेल्या पट्ट्यावर शेणखताच्या गाड्या रित्या करतात. मी आता टँकर चालवत नाही, पण ऑगस्टमध्ये मुद्दाम त्या बाजूने जातो. दोन्हीकडे मका माणसाच्या डोक्यावर गेलेला असतो, आणि मधल्या पट्ट्यात तो पिवळा पडून गुडघ्याएवढा उभा असतो.